सावली सोडून न जाणारा

सांडाकानच्या बाजारात पहाटे मासळी उतरते तेव्हा कुणी ओरडत नाही. सुलू समुद्रातून आलेल्या होड्या मागच्या धक्क्याला लागतात, टोपल्या वर येतात, ओल्या फरशीवर मासे मांडले जातात आणि गिऱ्हाइकं हलक्या आवाजात भाव विचारतात. ससून डॉकचा गलका कानात घेऊन आलेल्या मला हा शांतपणा आधी परका वाटला. एका बाईपुढे बांगडे होते. अगदी आपलेच बांगडे, फक्त इथे त्यांना कंबुंग म्हणतात. कुठून आले म्हणून खुणेनं विचारलं, तर तिनं मूठ मिटून अंगठा समुद्राच्या दिशेला केला. इथे बोट दाखवणं उद्धटपणाचं समजतात. पुढे नदीवर, जंगलात, उंच फांदीवरचा धनेश दाखवतानासुद्धा माणसं असाच अंगठा पुढे करायची आणि पैसे देताना उजव्या हाताला डावा हात लावायची. या लहानशा अदबीची मला इतकी सवय झाली, की परत आल्यावर दुकानात कुणी काउंटरवर सुटे पैसे फेकले की खटकतं.

बोर्निओ बेटाचा उत्तरेकडचा भाग म्हणजे मलेशियाचं साबा राज्य. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर मी आले होते ती लमचित्त्यासाठी. अंगावर काळ्या कडांचे ढग वागवणारं हे मांजर आपल्या ईशान्य भारतातही आहे. मेघालयाचा तो राज्यप्राणी. पण सुमात्रा आणि बोर्निओमधला लमचित्ता हा मुळात वेगळाच प्राणी असल्याचं २००६ साली जनुकांच्या आणि कातड्यावरच्या नक्षीच्या अभ्यासातून स्पष्ट झालं. त्याचे ढग लहान, रंग काळपट आणि ढगांच्या आत ठिपके जास्त. वजन बारा ते पंचवीस किलो. शेपूट जवळजवळ अंगाएवढी लांब. शरीराच्या मानानं इतके लांब सुळे आज जिवंत असलेल्या दुसऱ्या कोणत्याच मांजरकुळातल्या प्राण्याला नाहीत. बोर्निओत वाघ नाही, त्यामुळे तिथलं सर्वांत मोठं मांजर हेच. आणि त्याच्याबद्दल माणसाला जे ठाऊक आहे ते जवळजवळ सगळं गेल्या वीसेक वर्षांतलं आहे.

बाजारासमोरच्या खाणावळीत सकाळी रोती चनाई खाल्ली. तमिळ मुसलमानांनी मलायात नेलेली ही पोळी. कणकेचा गोळा हवेत भिरकावून पातळ करायचा, घडी घालायची, लाटण्याला हात न लावता तव्यावर भाजायची, आणि सोबत वाटीभर डाळ. तिच्या जोडीला उंचावरून ओतून फेसाळलेला तेह तारिक. शेजारच्या टेबलावर चिनी आजोबा वर्तमानपत्र वाचत होते, पलीकडे डोक्यावर रुमाल घेतलेल्या शाळकरी मुली भाताची पानातली पुडी सोडत होत्या. मालकानं नाव विचारायच्या आधी विचारलं, खाल्लंस का? आपल्याकडेही दारात आलेल्याला पहिला प्रश्न जेवणाचाच असतो, म्हणून त्या परक्या गावात पहिल्या तासातच सैल वाटलं.

सांडाकान ही एकेकाळी ब्रिटिश नॉर्थ बोर्निओची राजधानी. दुसऱ्या महायुद्धात ते जळून-मोडून गेलं आणि राजधानी पश्चिम किनाऱ्यावर हलली. मग लाकडानं गावाला पुन्हा उभं केलं. आतल्या जंगलातले प्रचंड ओंडके नदीवाटे खाली यायचे, इथल्या बंदरातून जपानला जायचे. गावातली म्हातारी माणसं त्या दिवसांबद्दल अभिमानानं बोलतात; एकानं मला सांगितलं की लहानपणी तो खाडीत ओंडक्यांवरून उड्या मारत पलीकडे जायचा. लमचित्त्याची आजची गोष्ट त्या ओंडक्यांपासून सुरू होते. झाडं गेली, आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर तेलमाड आला.

गाव सोडून दक्षिणेच्या रस्त्याला लागलं की तो दिसायला लागतो. डावीकडे तेलमाड, उजवीकडे तेलमाड, टेकडीवर तेलमाड, उतारावर पायऱ्या खोदून लावलेला तेलमाड. लालभडक घडांनी भरलेले ट्रक, तेलाचे टँकर, मध्येच धूर सोडणारी गिरणी. साबाचं क्षेत्रफळ सुमारे ७३,६०० चौरस किलोमीटर, आणि त्यातला साधारण एक पंचमांश या एकाच झाडाखाली आहे. जगात सर्वांत जास्त पामतेल आयात करणारा देश आपला. फरसाणाच्या कढया, बिस्किटं, हॉटेलातलं तळण, साबण, सगळीकडे ते आहे. तो रस्ता कापताना मला सतत वाटत होतं की मी कुणा दुसऱ्याचा मुलूख बघत नाहीये. हे आपल्याच स्वयंपाकघराचं मागचं परसू आहे.

माझं माहेर अकोले तालुक्यातलं. आमच्याकडे बिबट्या उसात राहतो. तिथेच पिल्लं घालतो, कुत्री-डुकरं खातो, रात्री बांधावरून जातो आणि दिवसा माणसं त्याच उसाला पाणी देत असतात. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या शेतशिवारात कॅमेरे लावून मोजणी केली, तेव्हा दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले. तेही जिथे जंगल असं नाहीच. हे ऐकत मोठी झालेली माणसं आम्ही. जनावर जुळवून घेतं, ही आमची जवळजवळ श्रद्धा आहे. त्यामुळे रस्त्यावरून तेलमाडांच्या रांगा बघताना माझ्या मनात आधी तोच प्रश्न आला: उसात बिबट्या, तर तेलमाडात लमचित्ता का नाही?

बाटू पुतेह हे किनाबातांगन नदीवरच्या पुलाजवळचं गाव. नदीकाठच्या ओरांग सुंगाई लोकांचं, म्हणजे नदीच्या माणसांचं. लाकडी खांबांवर उभी घरं, खाली सावलीत मासेमारीची जाळी आणि झोपलेल्या कोंबड्या. गावानं सहकारी संस्था काढून घराघरात पाहुणे ठेवायला सुरुवात केली त्याला बरीच वर्षं झाली. मी ज्यांच्याकडे उतरले त्या माकचीक, म्हणजे मावशीच, जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या होत्या. चपला खाली. हातात हात घेऊन लगेच तो स्वतःच्या छातीशी नेला, आणि मलाही तसंच करायला शिकवलं. मग चटईवर बसवलं आणि पुढ्यात जेवण आलं: नदीतली वितभर लांबीची कोळंबी, चिंचेच्या आंबट रश्श्यातला मासा, कच्च्या पाल्याची जुडी, सांबालची लालजर्द चटणी आणि भाताची रास. बोटांनी खायचं, उजव्या हातानं. पाणी घालायला तोटीचं भांडं फिरतं. मोठ्यांचे हात आधी धुवायचे. सांबालमध्ये कुटलेल्या सुक्या कोळंबीचा वास आला आणि मला कोकणातली नणंद आठवली. तिला ही चटणी पहिल्या घासाला आवडली असती.

जेवणानंतर ताराप फोडला. फणसाचा जवळचा नातलग, पण गरे लहान, पांढरेशुभ्र आणि इतके मऊ की जिभेवर ठेवताच विरतात. आमच्याकडे कापा की बरका यावर वाद होतो असं सांगितल्यावर माकचीक खूप हसल्या. इथे वाद होतो तो ताराप चांगला की दुरियन यावर.

त्यांचा मुलगा संशोधन केंद्रात काम करतो. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर नदीनं जायचं होतं. निघताना माकचीकनी त्याला नाही, मला बजावलं: रानात शिरताना मनातल्या मनात परवानगी माग. तिथे आधीपासून राहणारे जे कुणी आहेत, त्यांना आजी-आजोबा म्हणायचं आणि सांगायचं की आम्ही फक्त वाटसरू आहोत. त्या पाच वेळा नमाज पढणाऱ्या बाई. मला राखणदाराला नारळ ठेवून देवराईत पाय टाकणारे कोकणातले गावकरी आठवले. मी परवानगी मागितली.

किनाबातांगन ही साबातली सर्वांत लांब नदी, ५६० किलोमीटर. पाणी गढूळ, संथ, मध्येच वाहून आलेला ओंडका. काठावर शेपट्या लोंबकळवत बसलेली लांब नाकाची वानरं, झाडांच्या शेंड्यांवरून पंखांचा मोठा आवाज करत जाणारे धनेश. पहिला तासभर वाटतं की आपण अथांग अरण्यातून चाललो आहोत. मग एका वळणावर काठाची झाडं विरळ होतात आणि त्यांच्यामागे तेलमाडांच्या सरळ रांगा दिसतात. साडीचा काठ तेवढा शाबूत असावा आणि पदर-पोत सगळं दुसऱ्याच कापडाचं निघावं, तसं ते जंगल आहे. २००५ साली इथे अभयारण्य जाहीर झालं. सुमारे २६,००० हेक्टर, पण एकसंध नाही, दहा तुकड्यांत. साबाच्या कायद्यानुसार नदीकाठची २० मीटर पट्टी मोकळी ठेवायची असते. काही ठिकाणी ती आहे, काही ठिकाणी तेलमाडाची मुळं थेट पाण्यात.

दानाऊ गिरांग संशोधन केंद्र नदीच्या अशाच एका वळणात, झाडांत लपलेलं आहे. साबाचं वन्यजीव खातं आणि वेल्समधलं कार्डिफ विद्यापीठ यांनी मिळून २००८ साली ते सुरू केलं. बेन्वा गूसन्स हे शास्त्रज्ञ त्याचे संचालक. हत्ती, मगरी, खवले मांजर, वानरं, सगळ्यांवर इथे काम चालतं. जेवणाच्या लांब टेबलावर वेगवेगळ्या देशांचे विद्यार्थी आणि गावातले मदतनीस एकत्र बसतात, आणि पानात मात्र सगळ्यांच्या एकच: भात, तळलेला सुका मासा, पाण्यातल्या कांगकुंगची लसूण घातलेली भाजी.

लमचित्त्यावर इथे काम करणारा माणूस लमचित्ता बघत नाही. वर्षानुवर्षं जंगलात काढून प्रत्यक्ष एकदाच दिसला असं सांगणारे भेटले, कधीच न दिसलेलेही भेटले. ते बघतात चिखलातला ठसा, कॅमेऱ्यातला फोटो, कॉलरनं पाठवलेला नकाशावरचा ठिपका. कॅमेरे बांधायच्या फेरीला मी गेले. गुडघ्यापर्यंत जळवांचे मोजे चढवायचे, तरी जळवा पानांवरून मानेपर्यंत पोचतात. आपल्या सह्याद्रीतल्या जळवा जमिनीवरून येतात. इथली वाघजळू झुडपाच्या पानावर उभी राहून अंगाच्या उबेची वाट बघते, आणि तिचा चावा झोंबतो. याच जळवांच्या पोटातल्या रक्तातून डीएनए काढून त्या रानात कोणकोणते प्राणी आहेत हे शोधण्याचं कामही साबात झालं आहे. मला ते फार आवडलं. जी गोष्ट नुसती त्रासाची, तिच्यातून माहिती काढणारी चिकाटी.

कॅमेरे नेहमी जोडीनं, वाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर. कारण लमचित्त्याच्या डाव्या कुशीवरचे ढग वेगळे आणि उजव्या कुशीवरचे वेगळे. दोन्ही बाजू एकदम मिळाल्या तरच प्राणी पक्का ओळखता येतो. अंगावरच्या नक्षीवरून एकेक जनावर ओळखायचं, पुन्हा किती वेळा दिसतं ते मोजायचं आणि त्यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधायचा, ही रीत उल्हास कारंत यांनी नव्वदच्या दशकात नागरहोळेच्या वाघांवर बसवली. ती आज बोर्निओच्या चिखलात वापरली जाते हे कळल्यावर मला घरचं कुणी भेटल्यासारखा आनंद झाला. माकचीकचा मुलगा गुडघ्यांवर बसला, कॅमेऱ्याची उंची मांजराच्या खांद्याशी जुळवली, आणि मग हात-पाय टेकून कॅमेऱ्यासमोरून चालत गेला. बत्ती लुकलुकली की बरोबर. हे तो प्रत्येक कॅमेऱ्यापुढे करतो, कितीही चिखल असो. कॅमेऱ्यात मुंग्या घर करतात, दमटपणानं काच धुरकट होते, हत्ती सोंडेनं तो उपटून फेकतात. हवा अंगाएवढी गरम असली की उष्णता ओळखणारा डोळाच फसतो. या सगळ्यातून जे वाचतं, त्यावर विज्ञान उभं राहतं.

संध्याकाळी कार्डं संगणकाला लावली. आधी हलणारी पानं, शेकडो. मग आखूड शेपटीची माकडं, मूषकहरीण, एक उदमांजर, भेकर. तो म्हणाला, पूर्वी प्रत्येक कार्डात दाढीवाली रानडुकरं भरलेली असायची. २०२१ मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर साबात आला आणि रानात डुकरांचे सडे पडले. आता डुक्कर दिसलं की तो तारीख मोठ्यानं वाचतो. लमचित्त्याचं ते खाद्य. सुळे लांब असून पोटात काही पडलंच नाही तर काय, हे त्यानं बोलून दाखवलं नाही, पण पुढचे फोटो तो अधिक सावकाश सरकवत होता.

आणि मग आला. पहाटेची वेळ, करड्या उजेडात आखूड पाय, जाड लांब शेपूट जमिनीला समांतर, कुशीवर मोठाले ढग. नर. पुढच्या फोटोत फक्त शेपटीचं टोक. टेबलाभोवती बसलेले सगळे उठून आले. कुणी ओरडलं नाही. वहीत नोंद झाली, जुन्या फोटोंशी ढग ताडून पाहिले गेले, आणि आधी नोंदलेल्या एका नराशी ते जुळले. नर जास्त फिरतात, वाटांवरून चालतात, म्हणून ते कॅमेऱ्यात येतात. मादी क्वचित. मादीचा फोटो मिळाला की त्या रात्री टेबलावर कुणीतरी डब्बा उघडतं, असं त्यानं सांगितलं.

अँड्र्यू हर्न, जोआना रॉस आणि त्यांच्या साबातल्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षं अशा कॅमेऱ्यांवर घालवून राज्यातल्या लमचित्त्यांचा अंदाज काढला: सुमारे ७५०. पण अंदाजाची खालची कड सव्वातीनशेच्या आसपास आणि वरची तेराशेच्याही पुढे. दर १०० चौरस किलोमीटरमागे एक ते तीनच्या घरात. अकोल्यातल्या उसाची गर्दी डोळ्यांपुढे आणली की हा आकडा किती विरळ आहे ते कळतं. तेही बोर्निओच्या भरगच्च रानात. जिथे शिकारीची माणसं शिरतात, फासे लावतात, तिथे तो आणखी कमी.

कॉलरची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. किनाबातांगनच्या काठी पिंजरे लावून काही लमचित्ते पकडले, पशुवैद्यांनी भूल दिली, गळ्यात कॉलर बांधून सोडले. मग महिनोन्महिने ठिपके येत राहिले. नकाशावर ते पाहिले तेव्हा माझा रस्त्यावरचा प्रश्न सुटला. ठिपके झाडांच्या सावलीत गर्दी करतात आणि तेलमाडाच्या कडेशी येऊन थांबतात. जंगलाचा पट्टा अरुंद होतो तिथे ठिपक्यांची रांग होते. पट्टा तुटतो तिथे रांगही तुटते. लमचित्त्याला डोक्यावर झाडांचं छत लागतं. झाडावरून डोकं खाली करून उतरता येणारं, फांदीवर झोपणारं, रात्री खाली येणारं हे जनावर दहा मीटर उंच तेलमाडाला झाड मानत नाही. तिथे खाली झुडूप नाही, वर फांदी नाही, आणि माणसांचा वावर रोजचा.

एका दुपारी आम्ही मळ्यातून पायी गेलो. घड तोडणारी जोडपी सुलावेसी आणि फ्लोरेसहून आलेली, इंडोनेशियाची. पुरुष लांब बांबूच्या टोकाच्या कोयत्यानं घड पाडतो, बायको सांडलेले दाणे वेचते. त्यांच्या मोळ्या बांधायच्या रीतीपासून ते पाठीशी झोपलेल्या मुलापर्यंत सगळं मला बीडहून उसाच्या फडावर येणाऱ्या माणसांसारखंच दिसलं. एका बाईनं आम्हाला वस्तीवर नेलं, केळ्याची गरम भजी आणि दाट काळी कॉफी दिली. आपल्याकडे वाट्याला दोन भजी येतात. तिनं ताटच पुढ्यात ठेवलं आणि संपेपर्यंत उठू दिलं नाही. तिच्या मुलांना कागदपत्रांअभावी सरकारी शाळेत जागा नाही. लमचित्त्याचा प्रश्न विचारताना या माणसांना शत्रू मानणं फार सोपं असतं. ती कॉफी प्यायल्यावर ते मला शक्य नव्हतं.

परतताना अंधार पडला. टॉर्चच्या झोतात तेलमाडाच्या बुंध्याशी दोन डोळे चमकले, आणि वाघाटी बाहेर आली. सुंदा बेटांवरची, आपल्या सह्याद्रीतल्या वाघाटीची बहीण. तोंडात उंदीर. मळ्यात उंदरांचा सुकाळ, म्हणून तिचं छान चाललं आहे. आमच्या बिबट्याला आणि तिला जे जमलं ते लमचित्त्याला, चपट्या डोक्याच्या मांजराला, बोर्निओशिवाय कुठेही नसलेल्या तांबड्या बे कॅटला जमत नाही. बोर्निओत मांजरकुळातले पाच प्राणी आहेत, आणि रस्त्याच्या कडेला मजेत दिसणारा हा एकच.

म्हणूनच नदीकाठच्या प्रत्येक तुकड्याची किंमत वेगळी. काही वर्षांपूर्वी सुकाऊ गावाजवळ नदीवर पूल आणि जंगल चिरून पक्का रस्ता करायचं ठरत होतं. गावकऱ्यांना दवाखान्याकडे लवकर जाता यावं, ही मागणी खरी होती. पण रस्त्यानं हत्तींची आणि मांजरांची ये-जा तुटली असती. शास्त्रज्ञ, स्थानिक संस्था, थेट डेव्हिड अॅटनबरो यांनी विरोध केला आणि २०१७ साली सरकारनं तो बेत सोडला. बाटू पुतेहच्या बायका दुसऱ्या टोकाकडून तेच काम करतात. त्यांच्या रोपवाटिकेत मी सकाळभर बसले. पिशव्यांत माती भरायची, कोवळी रोपं होडीतून तुटलेल्या पट्ट्यांवर न्यायची, वेली कापत तीन-चार वर्षं सांभाळायची. पूर आला की अर्धी रोपं जातात. त्या पुन्हा लावतात. एका पिशवीतलं रोप ओळखीचं वाटलं म्हणून विचारलं. लारान. गोल चेंडूसारखी फुलं येतात का? हो, येतात. आपला कदंब.

शेवटचा मुक्काम देरामाकोटला होता. नदीच्या वरच्या अंगाला, टेकड्यांत, ५५१ चौरस किलोमीटरचं राखीव जंगल. इथे आजही झाडं तोडतात. १९९७ साली जबाबदार लाकूडतोडीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवणाऱ्या उष्ण प्रदेशातल्या पहिल्या नैसर्गिक वर्षावनांत त्याचं नाव आहे. सगळं रान गटांत वाटलेलं. एका गटात तोड झाली की तो गट चाळीस वर्षं विसाव्याला. फळझाडांना हात लावायचा नाही, ओढ्यांच्या काठाला नाही, कापायचं प्रत्येक झाड आधी नकाशावर खुणावायचं. मला लाकूडतोडीबद्दल राग घेऊनच वाढवलं गेलं आहे. पण बर्लिनच्या लायब्निझ संस्थेच्या संशोधकांनी इथे कॅमेरे लावले तेव्हा बोर्निओचे पाचही मांजरवर्गीय प्राणी निघाले. तोडलेलं पण सांभाळलेलं जंगल, हे तेलमाडापेक्षा लमचित्त्याला कितीतरी बरं. हे मान्य करायला मला तिथे जाऊन उभं राहावं लागलं. वर पाहिलं तर सालाच्या कुळातली पन्नास-साठ मीटर उंचीची झाडं, आणि त्यांच्याखाली जुनी ट्रकची वाट, जिच्यावरून रात्री लमचित्ता चालतो.

तिथला वनरक्षक सांडाकानचाच. लहानपणी त्याचे वडील ओंडके वाहून नेणाऱ्या बोटीवर होते. २०१९च्या नोव्हेंबरात साबातली शेवटची गेंड्याची मादी, इमान, तबिन अभयारण्यात मेली, तेव्हा तो तिथे जवळच कामाला होता. मलेशियातला सुमात्रन गेंडा त्या दिवशी संपला. तो म्हणाला, गेंडे शेवटी इतके विखुरले होते की त्यांना एकमेकांची गाठच पडत नव्हती. लमचित्त्याचं तसं होऊ नये म्हणून तो जंगलाच्या तुकड्यांमधल्या वाटांबद्दल इतकं बोलतो. मला तो काक म्हणायचा, म्हणजे ताई.

रात्रीच्या फेरीनंतर चौकीवर बसलो होतो. मी त्याला आमच्या उसातल्या बिबट्याबद्दल सांगितलं. तोडणीत बिबटीची पिल्लं सापडतात हे ऐकून तो खुर्चीत पुढे सरकला. मग काय करता? मी सांगितलं की जुन्नरकडे वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट्या केंद्राचे डॉक्टर पिल्लं तपासतात, ज्या जागी सापडली त्याच जागी संध्याकाळी खोक्यात ठेवतात, कॅमेरा लावतात आणि सगळे दूर जाऊन थांबतात. बहुतेक वेळा रात्री आई येते आणि एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन जाते.

रानातली लमचित्त्याची मादी पिल्लं कुठे घालते, किती दिवस एका जागी ठेवते, हे आम्हाला जवळजवळ ठाऊकच नाही काक, तो म्हणाला. मग त्यानं खिशातून वही काढली आणि विचारायला लागला. खोकं उघडं ठेवतात की झाकण टाकून? कॅमेरा किती लांब? आई वासानं बिथरत नाही का? मला माहीत होतं तेवढं सांगितलं, आणि बाकीचं जुन्नरच्या डॉक्टरांनाच विचार म्हणून तिकडचा पत्ता लिहून दिला.